देशबंधू महापौर होतात तेव्हा

1924 च्या एप्रिलमध्ये कलकत्ता महापालिकेने आपला पहिला महापौर निवडला: देशबंधू चित्तरंजन दास. ते तेव्हा 53 वर्षांचे होते. अलीपूर बॉम्बखटल्यात अरविंद घोषांना सोडवणारे बॅरिस्टर, असहकाराच्या चळवळीत वकिलीवर पाणी सोडून तुरुंगात गेलेले पुढारी, 1922 च्या गया काँग्रेसचे अध्यक्ष. एवढ्या उंचीचा माणूस नळ आणि गटारांच्या कारभारात का उतरला, याचे उत्तर गयेतच सापडते.

तिथे कायदेमंडळात जाण्याचा त्यांचा आग्रह काँग्रेसने नाकारला. दासांनी अध्यक्षपद सोडले आणि 1923 च्या आरंभी मोतीलाल नेहरूंसह स्वराज पक्ष काढला. त्या वर्षाअखेर बंगालच्या कायदेमंडळात हा पक्ष प्रबळ झाला. 1924 मध्ये त्याने मंत्र्यांचे पगार नामंजूर करून सरकारची कोंडीही केली. पण कायदेमंडळात अडवता येत होते, घडवता येत नव्हते. तिजोरीच्या किल्ल्या गव्हर्नरकडेच होत्या. महापालिकेचे तसे नव्हते. तिथे लोकनियुक्तांचे बहुमत, स्वतःचे कर, स्वतःचे अधिकारी. परक्या राज्यात आपल्या माणसांना राज्यकारभार करून दाखवण्याची ती जवळजवळ एकमेव जागा होती.

ही जागा मिळवून दिली सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी. 1899 मध्ये सरकारने लोकनियुक्तांचे बळ घटवले, तेव्हा निषेध म्हणून महापालिका सोडणाऱ्या 28 सभासदांत ते होते. पुढे मंत्री झाल्यावर 1923 चा महापालिका कायदा त्यांनीच करवून घेतला. त्याच साली निवडणुकीत तरुण डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांच्या कायद्याचे फळ स्वराजवाल्यांच्या हाती पडले. सुरेंद्रनाथांना या श्रेयाचा वाटा फार कमी मिळाला, असे मला वाटते.

महापौर म्हणून दासांनी पहिल्याच भाषणात दरिद्रनारायणाच्या सेवेचा कार्यक्रम मांडला. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, शुद्ध आणि स्वस्त अन्न व दूध, चांगले पाणी, बस्त्यांमधील स्वच्छता, गरिबांसाठी घरे, उपनगरांचा विकास, कमी खर्चात चोख कारभार. स्वराज्य म्हणजे काय, हे विचारणाऱ्या सामान्य माणसाला दिलेले इतके नेमके उत्तर त्या काळात क्वचितच सापडते.

हे काम करायला त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी निवडला तो 27 वर्षांचा: सुभाषचंद्र बोस. मंजूर पगार तीन हजार रुपये असताना सुभाषबाबूंनी दीड हजारच घेतले. उपमहापौर झाले हुसेन शहीद सुऱ्हावर्दी. ती निवडही विचारपूर्वक होती. 1923 च्या डिसेंबरात दासांनी मुसलमान पुढाऱ्यांशी ‘बंगाल करार’ केला होता. काकीनाडा काँग्रेसने तो फेटाळला आणि दासांच्या स्वतःच्या माणसांतही नाराजी पसरली. तरी त्या करारानुसार महापालिकेच्या नोकऱ्यांत मुसलमानांना वाटा देण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हे धैर्य सर्वांत मोठे वाटते. महापालिकेत खादीचे गणवेश आले, नव्या शाळा निघाल्या, व्हाइसरॉयऐवजी राष्ट्रीय पुढाऱ्यांचे नागरी सत्कार होऊ लागले.

सरकारला हे खुपले नसते तरच नवल. 25 ऑक्टोबर 1924 रोजी सुभाषबाबूंना अटक झाली. महापालिकेच्या सभेत दास कडाडले: देशप्रेम हा गुन्हा असेल तर या संस्थेचा महापौरही तितकाच गुन्हेगार आहे. पहिले काही आठवडे सुभाषबाबू अलीपूर तुरुंगातून, पोलिसांच्या देखत, महापालिकेच्या फायली निकालात काढत राहिले. मग त्यांची रवानगी मंडालेला झाली. टिळकांनी सहा वर्षे काढलेला तोच तुरुंग. तिथून 1925 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी न. चिं. केळकरांना पत्र लिहून टिळकांच्या कोठडीची हकीकत कळवली. केळकर टिळकांचे चरित्रकार, स्वराज पक्षाचे पुढारी, शिवाय पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले. मोठ्या राजकारणातली माणसे तेव्हा आपल्याकडेही शहराच्या कारभारात उतरत होती. 1924 मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल होते.

ते पत्र लिहिले गेले तेव्हा दास हयात नव्हते. आपले राहते घर त्यांनी लोकांना देऊन टाकले होते. तिथे पुढे स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवा सदन उभे राहिले. 16 जून 1925 रोजी दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. महापौरपदाला जेमतेम चौदा महिने झाले होते.

त्यांच्यामागे गांधीजींच्या आग्रहाने जतींद्रमोहन सेनगुप्तांकडे महापौरपद, प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद आणि कायदेमंडळातले पक्षनेतृत्व, अशी तिन्ही पदे आली. पुढे सेनगुप्ता आणि सुभाषबाबू यांच्या गटांत चुरस वाढली आणि महापालिका त्या चुरशीचे मैदान झाली. दासांनी ज्या खुर्चीला कामाचे साधन मानले, ती पक्षातल्या बळाचे मोजमाप ठरली. ऑगस्ट 1930 मध्ये सुभाषबाबू तुरुंगात असतानाच महापौर निवडले गेले. सुटून आल्यावर केलेल्या भाषणात त्यांनी आपला नवा कार्यक्रम मांडला नाही, देशबंधूंचा 1924 चाच कार्यक्रम पुन्हा समोर ठेवला.