अ‍ॅकॉर्डियनवाला नंबर वन!

वय चोपन्न. गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. आणि कामधंदा काय, तर दुसऱ्यांच्या हिट गाण्यांची टर उडवणं! अशा माणसाचा अल्बम २०१४च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या 'बिलबोर्ड २००' यादीत थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसला. माणसाचं नाव 'वीअर्ड अल' यँकोविक, अल्बमचं 'मँडेटरी फन'. विनोदी अल्बम या यादीत अव्वल येण्याची १९६३नंतरची ही पहिलीच वेळ.

अलच्या हाती अ‍ॅकॉर्डियन आलं ते सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आपल्या बाजाच्या पेटीचंच हे भावंड. त्यावर तो वाजवतो पोल्का. एकोणिसाव्या शतकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जन्मलेलं हे नाचाचं संगीत. ठेका दोन मात्रांचा, एकदम उड्या मारणारा. रॉकच्या जमान्यात तो 'आउटडेटेड' ठरला होता. अलने नेमकं तेच हत्यार केलं.

त्याची गंमत दोन प्रकारची. विडंबनात संगीत तेच, शब्द मात्र नवे. 'ब्लर्ड लाइन्स'चं 'वर्ड क्राइम्स' होतं आणि चुकीचं व्याकरण लिहिणाऱ्यांची शाळा घेतली जाते. लॉर्डच्या 'रॉयल्स'चं होतं 'फॉइल', म्हणजे उरलेलं अन्न गुंडाळायची चंदेरी फॉइल! पोल्का मेडलीत उलटा कारभार: शब्द तेच, ठेका पोल्काचा. 'रेकिंग बॉल'सारखं रडवेलं गाणंही मग वरातीत नाचायला लागतं. असे मेडली तो १९८४पासून करतोय.

पण हे सगळं वाटतं तितकं सोपं नाही हं! मूळ गाण्यातला वाद्यांचा बारीकसारीक आवाजही त्याचा बँड हुबेहूब उभा करतो. त्यातले काही वादक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच्यासोबत आहेत.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे परवानगी. अमेरिकी कायदा विडंबनाला बरीच मोकळीक देतो, तरी अल मूळ कलाकाराला विचारतोच. मायकल जॅक्सनने हसत होकार दिला. प्रिन्स कायम नाही म्हणाला, तर अलने त्याच्या गाण्याला हात लावला नाही. 'फॅन्सी'च्या विडंबनासाठी तर तो इग्गी अझेलियाच्या डेन्व्हरच्या कॉन्सर्टला जाऊन तिला प्रत्यक्ष भेटला.

'मँडेटरी फन' हा रेकॉर्ड कंपनीसोबतच्या करारातला त्याचा शेवटचा अल्बम. व्हिडिओंसाठी कंपनीने पैसे दिले नाहीत. मग पठ्ठ्याने वेगवेगळ्या वेबसाइट्सना सोबत घेतलं आणि आठ दिवसांत आठ व्हिडिओ आणले. रोज एक नवा, रोज नवी चर्चा. पुढच्या वर्षी विनोदी अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. पण बहुधा हा आपला शेवटचा पारंपरिक अल्बम, असं त्याने तेव्हाच सांगून टाकलं. कारण? बारा गाणी जमेपर्यंत पहिल्या गाण्यातला विनोद शिळा होतो.

आज ट्रेंडिंग गाण्यावर रील बनवायला दहा मिनिटं पुरतात. विचारायचं सोडा, मूळ गाणं कुणाचं हेही आपण सांगत नाही. टर उडवावी तर अलसारखी: आधी गाणं नीट ऐकून, मग माणसाला विचारून. त्याच्या विडंबनावर मूळ कलाकारही हसतात, ते उगाच नाही.