लढाई तिकडे, वसुली इकडे

१ फेब्रुवारी २०२२ रोजी लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशची वाहतूक थांबवली. क्लायपेडा बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्या बंद झाल्या. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. जगाच्या बाजारात येणाऱ्या पोटॅशपैकी सुमारे ४० टक्के माल या दोन देशांचा, म्हणजे बेलारूस आणि रशियाचा. आपल्याकडे पोटॅशच्या खाणी नाहीत, लागेल तेवढं सगळं बाहेरूनच आणावं लागतं. त्यामुळे आदल्या वर्षी हजार रुपयांच्या आसपास मिळणारी म्युरेट ऑफ पोटॅशची ५० किलोची गोणी २०२२ मध्ये १७०० रुपयांवर गेली.

पुणे जिल्ह्यात मंचरच्या पूर्वेला निरगुडसरच्या पट्ट्यात या गोणीला मोठं मोल आहे. घोड नदीवर डिंभे धरण झालं, पाणी आलं आणि शिवारात ऊस, कांदा, बटाटा आला. ऊस पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला जातो, कांदा मंचरच्या बाजारात. तिन्ही पिकांना पोटॅश भरपूर लागतं. उसात साखर भरायला लागतं, बटाटा पोसायला लागतं, कांदा चाळीत टिकायलाही लागतं. गोणी महागली की शेतकरी दोनाच्या जागी एक टाकतो. पीक तेव्हा हिरवंगारच दिसतं. फरक कळतो तो काट्यावर, उसाचं टनेज कमी भरल्यावर, किंवा पावसाळ्यात चाळ उघडल्यावर.

युरियाची गोष्ट निराळी. ४५ किलोची गोणी युद्धाआधी २६६ रुपये ५० पैशांना मिळत होती आणि युद्ध पेटल्यावरही तेवढ्यालाच मिळत राहिली. पण युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि वायू कडाडला होता. मधला फरक सरकारने भरला. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानासाठी सुमारे १ लाख ५ हजार कोटी रुपये धरले होते, वर्षअखेर खर्च अडीच लाख कोटींवर गेला. हा पैसा सरकारने द्यायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तो शेवटी आपल्याच करांतून गेला आणि दुसऱ्या कशासाठी तरी कमी पडला, एवढं आपण लक्षात ठेवलं पाहिजे. दूरचं युद्ध गावात येतं ते असं, एका गोणीवर छापलेल्या किमतीतून आणि दुसऱ्या गोणीवर न छापलेल्या किमतीतून.

शेजारच्या जुन्नरच्या द्राक्षवाल्यांना हे पुढच्याच वर्षी पुन्हा भोगावं लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध सुरू झालं, नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला. न्हावा शेव्याहून युरोपला निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं दुपटीहून अधिक झालं. लोखंडाला पंधरा दिवसांनी काही होत नाही. द्राक्षाचं तसं नाही. शीतकंटेनरमध्येही घडाचा देठ हळूहळू सुकत जातो, हिरव्याचा तपकिरी होतो, पेटी उघडली की मणी तळाशी गळून पडलेले असतात. तिकडचा खरेदीदार देठ बघूनच भाव पाडतो. बागायतदाराने छाटणीपासून पॅकिंगपर्यंत सगळं नेमकं केलं तरी हा तोटा त्याच्या हातात नसतो, आणि त्याची नुकसानभरपाई मागायला जायचं कुठे, हेही त्याला ठाऊक नसतं.

हे आजचंच आहे असं नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या कुतमध्ये १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत जी ब्रिटिश-हिंदी फौज वेढ्यात उपाशी पडली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. शरण गेल्यावर कैदेतल्या वाटचालीत कितीतरी शिपाई मेले. महायुद्धाला किती जण गेले आणि किती परतले नाहीत, हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आजही आहेत. पण त्या युद्धाने याहून कितीतरी अधिक माणसं घरबसल्या मारली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत, सैनिकांना घेऊन येणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझा उतरला. लोक त्याला मानमोडी म्हणाले. पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साथ खेड्यांत पसरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. रेल्वेच्या डब्यातून, बाजाराच्या दिवशी, पाहुण्यांबरोबर साथ गावोगाव पोचली. या मेलेल्यांची पाटी कुठल्याही चावडीवर नाही. त्यांना मी युद्धाचेच बळी मानतो.

आता मतांचं बघू. युद्ध झालं की सत्ताधाऱ्यांना मतं मिळतात, असं आपण धरून चालतो. या भागाचा अनुभव इतका सरळ नाही. कारगिलची लढाई जुलै १९९९ मध्ये संपली आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभेचं आणि विधानसभेचं मतदान एकाच वेळी झालं. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या. त्याच मतदारांनी विधानसभेत युतीला १२५ वर थांबवलं आणि सत्ता काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेली. निरगुडसरचे दिलीप वळसे पाटील त्याच निवडणुकीत नव्या राष्ट्रवादी पक्षातून निवडून आले. दिल्लीसाठी एक मत आणि मुंबईसाठी दुसरं, हा विचार लोकांनी एकाच मतदान केंद्रात उभं राहून केला.

२०१९ चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. फेब्रुवारीत पुलवामा, मग बालाकोट, आणि एप्रिल-मेमध्ये मतदान. राज्यात युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. शिरूर मतदारसंघात मात्र नारायणगावचे अमोल कोल्हे यांनी शिवसेनेचे तीन वेळचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांना सुमारे ५८ हजार मतांनी हरवलं. मालिकेतल्या संभाजीराजांच्या भूमिकेचा वाटा त्यात होताच. पण बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती, हातचं गेलेलं विमानतळ, पुणे-नाशिक रस्त्यावरची रोजची कोंडी हे प्रश्नही प्रचारात होते आणि बालाकोटच्या लाटेत ते वाहून गेले नाहीत. इथल्या मतदाराला जवानाबद्दल प्रेम कमी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याने जवानाला मान दिला आणि उमेदवाराला जाब विचारला. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं मला मोठ्या शहाणपणाचं वाटतं.

जवानाबद्दल तर आणखी बोललं पाहिजे. मंचर आणि जुन्नरच्या भागातली पोरं पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने पळताना दिसतात. पूर्ण गुण हवे असतील तर १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि दहा बीम. पूर्वी एवढं जमलं, मेडिकल आणि लेखी निघाली, की पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि पुढे पेन्शन. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी आणि परतीचा रस्ता. जवानाचं सरासरी वय ३२ वरून २६ वर यावं आणि तंत्रज्ञान चटकन शिकणारी तरुण फौज मिळावी, हे सरकारचं म्हणणं. ड्रोनच्या काळात ते चुकीचं म्हणता येत नाही. प्रश्न जोखमीचा आहे. गोळी नियमित जवानाला आणि अग्निवीराला सारखीच लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या अक्षय गवते या अग्निवीराला सियाचीनमध्ये कर्तव्यावर मृत्यू आला. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, अग्निवीर मुरली नाईक नियंत्रण रेषेवर शहीद झाले. घर आंध्रातलं, पण वाढलेले घाटकोपरच्या वस्तीत. अशा घरांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या काळाचा पगार असे पैसे मिळतात. ती रक्कम लहान नाही. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारं महिन्याचं निवृत्तिवेतन मात्र या योजनेच्या नियमांत नाही. आईबापाच्या म्हातारपणी एकरकमी पैसा आणि दरमहा येणारा पैसा यांत किती अंतर असतं, हे खेड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबासारखेच लाभ द्यावेत, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली.

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला हजर झाली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. दर चारांतले तीन जण पंचविशीच्या आगेमागे घरी येतील. पोलीस भरतीत त्यांना किती जागा, कारखान्यात आणि चाकणच्या कंपन्यांत त्यांच्या प्रशिक्षणाला काय किंमत, आणि स्थायी समितीच्या त्या शिफारशीचं पुढे काय झालं, हे मंचरच्या सभेला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला समोर उभं करून विचारलं पाहिजे.