सहलीतली एक रात्र, आजीआजोबांसह

कोल्हापुरातल्या जुन्या पिढीपुढे ‘क्लब’ हा शब्द उच्चारला, तर तिला आधी देवल क्लब आठवतो. तिथले गाणे, तिथला तबला आठवतो. रात्र जागवणे या पिढीला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले पॅलेस थिएटर, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले, तिथे रंगलेल्या संगीत नाटकांच्या कथा तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या असतात. मात्र सुट्टीत मुले-नातवंडे गोव्याला निघाली आणि ‘रात्री शो बघायला जायचे’ असा बेत ठरला, की याच पिढीविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘त्यांना कुठे झेपणार? ते खोलीवर आराम करतील.’’

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक अशाच एका सहलीहून परतल्यावर मला म्हणाले होते, ‘‘डॉक्टरसाहेब, खोलीतला टीव्ही तर कोल्हापुरातही होता की!’’ त्यांचा मधुमेह आटोक्यात होता, रोज तासभर चालण्याचा परिपाठ होता. त्यांना न नेण्यामागे वैद्यकीय कारण कोणतेच नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते, एवढेच. उलट बाजूचे रुग्णही मी पाहतो. आग्रहाने नेलेल्या, जेवण दहा वाजेपर्यंत लांबलेल्या आणि इन्सुलिन मात्र आठ वाजताच घेतलेल्या आजींना अशा बेताचा आनंद मिळत नाही, घाम आणि थरथर तेवढी मिळते.

म्हणून या लेखाचे सांगणे एका वाक्यात मांडतो. वाढत्या वयात रात्रीचा कार्यक्रम वर्ज्य नाही. पण तो यशस्वी होणार की नाही, हे दिवसभराच्या आखणीवर ठरते.

ठिकाण कोणते निवडावे?

गोव्यातले रात्रीचे कार्यक्रम एकाच प्रकारचे नसतात आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने त्यांतला फरक महत्त्वाचा आहे.

सर्वांत सोयीचा पर्याय म्हणजे पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी सुटणाऱ्या, मांडवी नदीतल्या पर्यटक बोटी. फेरी साधारण तासाभराची असते. बसायला खुर्च्या असतात, समोरच्या मंचावर देखणी, फुगडी, पोर्तुगीज वळणाची नृत्ये होतात आणि मधूनमधून निवेदक प्रेक्षकांनाही नाचायला बोलावतो. तासाभरात किनारा गाठता येतो, ही यातली मोठी सोय. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. वरच्या डेकवर जाणारा जिना अरुंद असू शकतो आणि ध्वनिवर्धक मंचाच्या अगदी जवळ असतात. म्हणून लवकर पोहोचून ध्वनिवर्धकांपासून दूरची, कठड्याजवळची, पण जिन्याच्या वाटेत न येणारी जागा धरावी.

दुसरा प्रकार मांडवीतच नांगरलेल्या कॅसिनो जहाजांचा. तिथे गाणी-नृत्यांचे रंगमंचीय कार्यक्रम आणि जेवण असते. पण जहाजापर्यंत धक्क्यावरून छोट्या बोटीने जावे लागते आणि हलत्या बोटीतून पाऊल टाकताना गुडघ्यांची परीक्षा होते. शिवाय मनात आले आणि लगेच बाहेर पडलो, असे तिथे करता येत नाही. खेळाच्या दालनात २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नसतो. त्यामुळे नातवंडे बरोबर असतील तर कुटुंबाची ताटातूट होते.

तिसरा प्रकार बागा-कळंगुट परिसरातल्या नाइट क्लबांचा. तिथे रंग चढतो तो उशिरा, बहुतेकांना उभेच राहावे लागते, प्रकाश झगझगत असतो आणि बोललेले ऐकू येत नाही. ज्यांना जायचेच आहे, त्यांनी लवकरची वेळ गाठावी, बसण्याची जागा आधी फोन करून राखून ठेवावी आणि ‘तासाभराने निघायचे’ हे आधीच ठरवून घ्यावे. देशातील ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास, विशेष परवानगी नसेल तर, मनाई आहे. त्यामुळे खुल्या जागेतला, दहाच्या आत संपणारा कार्यक्रम मिळाला तर तो ज्येष्ठांना अधिक मानवतो.

फोनवर विचारायचे प्रश्न चारच आहेत. पायऱ्या किती? बसायला पाठ असलेली खुर्ची मिळेल का? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? आणि जेवण नेमके किती वाजता? ‘‘सगळी सोय आहे’’ या उत्तरावर समाधान मानू नये.

जेवण, औषधे आणि घड्याळ

कोल्हापूरहून पणजी दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि वाटेत घाट आहे. ज्या दिवशी हा प्रवास होतो, त्या दिवशी रात्रीचा कार्यक्रम ठेवू नये. घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांची गुंगी बऱ्याच वृद्धांमध्ये कित्येक तास टिकते. त्यात अंधार आणि अनोळखी पायऱ्या आल्या, की पडण्याचा धोका वाढतो. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवावा आणि त्या दुपारी तासभर झोप घ्यावी.

मधुमेह असलेल्यांनी एक नियम पाळावा : रात्रीचे जेवण घरच्याच वेळेला, कार्यक्रमाच्या आधी. शोमधल्या जेवणावर विसंबून जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊ नये. ताट समोर येण्यास उशीर होतो आणि साखर तोवर थांबत नाही. जेवणाची वेळ बदलणारच असेल, तर डोस कसा घ्यायचा हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. साखर घटल्याची चिन्हे म्हणजे घाम, थरथर, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे. गोंगाटात आणि अंधारात ही चिन्हे सहज नजरेतून निसटतात. ‘‘बाबा कंटाळले असतील’’ असे वाटून जाते. शंका येताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. थेट १०८ ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात आहे, तशीच गोव्यातही आहे.

मद्याविषयी स्पष्ट लिहिणे मी टाळत नाही, कारण सुट्टीत ‘‘आज एक घ्याच’’ असा आग्रह वडीलधाऱ्यांनाही होतो. मद्यामुळे साखर कित्येक तासांनी, झोपेतसुद्धा घसरू शकते. झोपेची गोळी आणि मद्य एकत्र येणे श्वासासाठी घातक ठरते. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि फिटच्या औषधांशीही त्याचे जमत नाही. जे एरवी घेत नाहीत, त्यांनी सहलीत सुरुवात करू नये. जे घेतात, त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये आणि आपल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून आधीच विचारावे. कोकम सरबताचा पेला हातात धरला तरी मैफलीत तेवढेच सामील होता येते.

लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी अनेक जण ‘‘कार्यक्रमात अडचण नको’’ म्हणून परस्पर बंद करतात, पाणीही पीत नाहीत. दोन्ही चुकीचे आहे. गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्यावी, ती बहुधा सकाळची असते. पाणी दिवसभर नेहमीसारखे प्यावे आणि कार्यक्रमाआधीच्या तासात थोडे कमी करावे. प्रोस्टेटच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांमुळे एकदम उभे राहिल्यावर भोवळ येते. तासभर बसल्यानंतर आधी पावले हलवावीत, मग कठडा धरून उठावे.

कान, डोळे आणि पाय

आवाजाची मात्रा औषधाच्या मात्रेसारखीच मोजायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते; आवाज १०० डेसिबलवर गेला, की ही मुदत जेमतेम वीस मिनिटांवर येते. याच संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी ठरवलेल्या मानकात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपुढे जाऊ नये, कानात घालायची बोंडे उपलब्ध असावीत आणि शांत कोपरा असावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात हे सगळीकडे मिळेलच असे नाही. म्हणून औषधांच्या दुकानात मिळणारी फोमची बोंडे सोबत ठेवावीत. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर जागा बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा आवाज कमी करावा. गर्दीसाठी वेगळी योजना यंत्रात असेल तर ती तंत्रज्ञाकडून आधी शिकून घ्यावी.

वयोमानाने डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. उजेडातून आत शिरताच पुढे चालू लागू नये. दारापाशी मिनिटभर थांबावे. लहान विजेरी खिशात असावी. मोतीबिंदू असलेल्यांना झोताकडे पाहणे त्रासाचे होते, त्यांनी मंचाच्या थेट समोर बसू नये. फिटचा आजार असलेल्यांनी लुकलुकणारे दिवे असलेली जागा टाळलेलीच बरी.

चपला नव्या नकोत. कोल्हापुरी पायताण आपल्या अभिमानाचे असले, तरी ओल्या धक्क्यावर आणि बोटीच्या लोखंडी पायऱ्यांवर त्याचा तळ घसरतो. मागे पट्टा आणि रबरी तळ असलेली पादत्राणे घालावीत. काठी नेण्यात संकोच नसावा.

बाहेरची वाट आधी पाहावी

या विषयावर लिहिताना दोन दुर्घटना विसरता येत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांनी प्राण गमावले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले. त्यांतले अनेक जण स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरले. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. सावकाश चालणाऱ्या माणसाला बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याची जागा दाराजवळ असायला हवी. तळघरातली किंवा एकच अरुंद वाट असलेली जागा ज्येष्ठांना घेऊन जाण्यासाठी निवडू नये. आत गेल्यावर दुसरी वाट कुठे आहे हे कुटुंबातल्या एकाने पाहून यावे. बंदिस्त जागेत फटाके किंवा आगीचे खेळ सुरू झाले, तर कार्यक्रम कितीही रंगलेला असो, शांतपणे बाहेर पडावे. धूर दिसल्यास वाकून दाराकडे जावे. स्वच्छतागृहात आसरा घेऊ नये.

परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी. आपल्याकडे हात केला की रिक्षा थांबते. किनारी भागात रात्री तसे गृहीत धरू नये. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापशाचे जिल्हा रुग्णालय यांपैकी आपल्या मुक्कामाला जवळ कोणते, हे चालकाला विचारून ठेवावे.

सोबत्यांसाठी

एका रात्रीपुरती एका व्यक्तीकडे जबाबदारी स्पष्टपणे सोपवावी. तिने मद्य घेऊ नये, औषधांची पिशवी तिच्याकडे असावी आणि आजोबा ‘‘चला’’ म्हणाले की तिने ‘‘पाचच मिनिटे’’ म्हणू नये. ही पाळी दर वेळी सुनेवरच येते, असे मी वर्षानुवर्षे पाहतो. पाळी खरोखरच बदलती असावी. काळजी घेणाऱ्यालाही सुट्टी हवी असते.

काही जणांनी मात्र जाऊ नये. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेले, दोन जिने चढताना धाप लागणारे, वारंवार तोल जाणारे यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांचा गोंधळ दिवस मावळला की वाढतो. गर्दी आणि गोंगाट त्यांना आनंद देत नाहीत, भेदरवतात. त्यांच्यासाठी दिवसा उजेडी, मिरामारच्या वाळूवर ओळखीच्या माणसांसोबतची तासभर बैठक अधिक सुखाची. त्या रात्री त्यांच्याजवळ घरातले कोणी तरी थांबलेच पाहिजे. अनोळखी खोलीत त्यांना एकटे ठेवू नये.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवावी, पण न्याहारी आणि औषधे नेहमीच्या वेळेलाच व्हावीत. कानात गुणगुण एक दिवसापेक्षा जास्त टिकली किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही झाले तर ‘‘जागरण झाले असेल’’ असे म्हणत थांबू नये.

आणि सर्वांत आधी, बेत ठरताना, वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांचे ‘नको’ मनापासूनचे असेल तर ते मान्य करावे. संकोचाचे असेल तर पायऱ्या, खुर्ची आणि जेवणाची वेळ कशी जमवली आहे ते त्यांना सांगावे. मध्येच उठून यायची मोकळीक आहे, एवढे कळले तरी बरेच जण होकार देतात.