रांगोळीतली ट्रॉली

येत्या आषाढी वारीला आमच्या दिंडीत साठी ओलांडलेल्या अकराजणी आहेत. सामानाला शेतातली दोनचाकी ट्रॉली दरवर्षी असतेच. यंदा म्हटलं, तिच्यावर सांगाडा, ताडपत्री चढवून मुक्कामापुरती खोलीच करू या.

पुरुष मंडळींनी लगेच कागद काढला. गाद्या, गॅस, भांडी, मोबाइल चार्जिंग… सगळं बसलं. बायकाही “छान आहे” म्हणाल्या. आपण म्हणतोच तसं!

घरी आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, “अगं, नहाणी कुठाय त्यात?”

मग एकेक कळत गेलं. गेल्या वारीत जेजुरीपासून त्या दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. रात्री उठावं लागू नये म्हणून! मुक्कामाला फिरती शौचालयं असतात, पण अंधारात, चिखलातून जाऊन रांगेत उभं कोण राहणार? फलटणला लघवीला जळजळ आणि ताप. आम्ही समजलो, ऊन बाधलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात रांगोळीनं दहा फूट बाय सहा फुटांची ट्रॉली आखली आणि सगळ्यांना म्हटलं, “झोपा बघू!” हसत हसत चौघी आडव्या झाल्या, जागा संपली. मग गाद्या पुसल्या, झोपायला तंबू आहेतच. मागच्या एका कोपऱ्यात नहाणी, दुसऱ्यात कमोडची खुर्ची, मध्ये जाड पडदा. सांडपाण्याला खाली ड्रम. चढायला रुंद पायऱ्या आणि धरायला दांडा. दांडा सुचवला तो गुडघे दुखणाऱ्या काकूंनी.

वेल्डिंगवाले दादाही बघून गेले. म्हणाले, “ताई, तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो. टाकी मागे ठेवली तर पुढचा हूक उचलेल. दिवे घाटात ते परवडायचं नाही.” टाकी चाकांच्या वर, जराशी पुढे सरकली. सांगाडा नटबोल्टचा, वारीनंतर उतरवता येईल असा. ट्रॉलीत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. तरी आधी तिथे विचारूनच काम सुरू करणार आहोत. आणि चालत्या ट्रॉलीत कुणी बसायचं नाही, हेही ठरलं.

संध्याकाळी सासूबाई रांगोळीतल्या नहाणीत जाऊन उभ्या राहिल्या. हात पसरून पाहिले. “पुरते गं,” म्हणाल्या.

मैत्रिणींनो, घर असो की ट्रॉली, नकाशा पक्का होण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा विचारा. चारचौघांत नव्हे, एकटीला गाठून.