गणवेशाचा रंग आणि नातीचा खेळ

'लाल रंग लाभतो' ही समजूत आपण अनेकदा ऐकली असेल. तिला एकेकाळी संशोधनाचाही आधार मिळाला होता. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील मुष्टियुद्ध, तायक्वांदो व कुस्तीच्या लढती डरहॅम विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी तपासल्या, तेव्हा लाल पोशाखातील खेळाडूंनी सुमारे ५५ टक्के लढती जिंकल्याचे दिसले. मात्र तो निष्कर्ष पुरुषांच्या लढतींचा होता. पुढे १९९६ ते २०२० या काळातील मोठ्या स्पर्धा एकत्र तपासल्या, तेव्हा लाल रंगाचा वाटा ५०.५ टक्के, म्हणजे जवळजवळ नाणेफेकीइतकाच उरला.

महिलांच्या सांघिक खेळांत तर रंगाचा कौल मुळीच एकसारखा नाही. १९९९ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल पोशाखातील चीन पांढऱ्या पोशाखातील अमेरिकेकडून हरला. २०२३ मध्ये लाल स्पेन जिंकला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक उंचावला, तो निळ्या पोशाखातील आपल्या मुलींनी.

तरीही एक रंग मुलींच्या मनावर खरोखर भार टाकतो. तो म्हणजे पांढरा. पाळीच्या दिवसांत डाग पडण्याची धास्ती असली, की अर्धे लक्ष चेंडूवर आणि अर्धे कपड्यांवर राहते. म्हणूनच २०२३ मध्ये इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पांढऱ्याऐवजी निळी अर्धी चड्डी स्वीकारली आणि विम्बल्डननेही स्त्री खेळाडूंना आतून गडद चड्डी घालण्याची मुभा दिली.

आपली नात महिन्यातून ठरावीक दिवशीच 'पोट दुखते' म्हणून सराव चुकवत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. एकांतात, मायेने विचारा. दुखणे खरे असू शकते, तसेच पांढऱ्या गणवेशाचा संकोचही. आतून घालायला गडद चड्डी द्या. गणवेशाबद्दल तिच्या शिक्षकांशी बोला. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकत असेल, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा तिला धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पाळीत खेळू नये, असे आपल्या पिढीला शिकवले गेले. प्रकृती ठीक असेल तर खेळण्यास कोणतीही हरकत नाही. हे वाक्य आजीच्या तोंडून ऐकले, तर नातीला मोठा धीर येईल.