कळवळा

दया आणि कळवळा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे. दया दुरून करता येते. खिडकीतून नाणे टाकले की झाली! कळवळा मात्र आतून येतो आणि आला की माणसाला जागेवर बसू देत नाही.

दुःखितांना पाहून येशू ख्रिस्ताच्या मनाचे जे होते, त्यासाठी मराठी बायबलात 'कळवळा' हाच शब्द आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचे नाते आतड्यांशी आहे. आपणही 'आतडे तुटते' असे म्हणतोच की! आमच्या घरात रोज कानी पडणारा अरबी 'रहम' आणि आईचे गर्भाशय, हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. हिब्रूतही तसेच आहे. भाषा वेगळ्या, पण करुणेची जागा सर्वांनी पोटातच शोधली.

येशूने सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. याजक आला, बाजूने निघून गेला. मंदिराचा सेवेकरी लेवी आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांना परके मानत. पण त्याला कळवळा आला. त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पदरचे पैसे भरले. प्रश्न होता, 'माझा शेजारी कोण?' येशूने तो उलटा करून विचारला, की जखमीचा शेजारी कोण झाला? ख्रिस्ती धर्मात करुणा ही श्रद्धेला जोडलेली शोभा नाही, तर ती श्रद्धेची परीक्षाच आहे, ती अशी.

महाराष्ट्रात ही परीक्षा पंडिता रमाबाईंनी दिली. सोळा-सतराव्या वर्षी त्यांनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी सन्मानाने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला. नागपूर ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांतात रमाबाई स्वतः आल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रियांना घेऊन गेल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. तिथे अंध स्त्रियांनाही ब्रेल लिपी शिकवली गेली. उपाशी मुलीला पाहून रमाबाईंना आपलेच जुने दिवस आठवले असतील. कळवळ्याला आठवण लागते.

यावर आक्षेप झाले. 1893 साली त्यांच्या शारदासदनात धर्मांतराचा आरोप होऊन वादळ उठले. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली काढून नेल्या. हा प्रश्न खोटा नाही. मदतीच्या हाताने बदल्यात काही मागू नये, हे कोणत्याही धर्माच्या माणसाने स्वतःला बजावले पाहिजे. पण आक्षेप घेणाऱ्यांनीही एक विचारावे, की त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा आपण कुठे होतो?

त्या शोमरोन्याचे नाव पुढे जगभर कायद्यांत गेले. आपल्याकडेही अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी 134 अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती आता नाही.

आमच्या सक्करदरा चौकात कुणी गाडीवरून पडले की गर्दी जमते, मोबाइल निघतात. एखादाच वाकतो, रुमाल काढतो, ऑटो थांबवतो. पडलेल्याचे नाव-गाव तो विचारत नाही. कायद्याने भीती काढली; पण वाकायचे कुणी, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आतडेच ठरवते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)