दुखतंय, तर शेजारी बसा

जागतिक स्तनपान सप्ताह यंदाही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साजरा झाला. दवाखान्यांत फलक लागले, अंगणवाड्यांत मेळावे झाले आणि ‘पहिले सहा महिने फक्त आईचं दूध’ ही ओळ पुन्हा सगळीकडे झळकली. ही ओळ आता घराघरांत पाठ झाली आहे. आईचं दूध चांगलं असतं, हे बाळंतिणीला पटवून द्यायची गरज उरलेली नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. बाळ छातीला लावलं की डोळ्यांत पाणी येतं, बोंडांना चिरा पडल्यात, छाती ठणकतेय, रात्रीचे तीन वाजलेत आणि तासाभरात बाळ पुन्हा उठणार आहे. अशा वेळी करायचं काय? फलकावर याचं उत्तर नसतं. घरात जे मिळतं ते ठरलेलं असतं : ‘सगळ्यांनाच दुखतं, थोडं सोसायचं.’

माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. पहिल्या दिवसांत थोडं दुखतं, हे खरं. पण कुठलं दुखणं आपोआप ओसरणार आणि कुठलं काहीतरी चुकतंय म्हणून होतंय, हा फरक या वाक्यात पुसला जातो. मग दुसऱ्या प्रकारचं दुखणंही बाई सोसत राहते आणि सोसवेनासं झालं की वरच्या दुधाचा डबा घरात येतो. डबा आला की बाळ अंगावर कमी पितं. दूध कमी काढलं गेलं की ते आधी छातीत तुंबतं आणि मग बनणंच कमी होतं. ‘तिला दूधच पुरलं नाही’ असं पुढे सांगितलं जातं. त्यातल्या कितीतरी जणींच्या गोष्टीची सुरुवात एका चुकीच्या पकडीने झालेली असते.

आधी ओसरणाऱ्या दुखण्याबद्दल. बाळ प्यायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं. त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून पाजताना ओटीपोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जाणवतात आणि काही दिवसांत थांबतात. बोंडांचा हळवेपणाही तसाच. पहिल्या आठवड्यात तो वाढतो, दुसऱ्या आठवड्यात उतरणीला लागतो. बाळाने तोंडात घेताना कळ आली आणि अर्ध्या-एक मिनिटात निवळली, तर घाबरायचं कारण नाही. पाजणं संपेपर्यंत कळ तशीच राहिली किंवा कातडी फाटली, तर मात्र सोसायचं नाही, पकड तपासायची.

पकडीचं शास्त्र गेल्या दोन दशकांत बरंच उलगडलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डोना गेडेस आणि पीटर हार्टमन यांच्या गटाने बाळं दूध पीत असताना त्यांच्या तोंडाची सोनोग्राफी केली. बाळाची जीभ खाली गेली की तोंडात निर्वात पोकळी तयार होते आणि दूध नेमकं त्या वेळी वाहतं, असं त्यात दिसलं. बोंड तोंडात खोलवर, जिथे टाळू मऊ व्हायला लागते तिथवर गेलं तर त्याला इजा होत नाही. बाळाने नुसतं टोक धरलं तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चिरडतं. आईचं दुखणं आणि बाळाचं उपाशी राहणं, दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी असतं ते असं.

आपल्याकडे या एका गोष्टीचा ध्यास घेतलेल्या व्यक्ती म्हणजे आयआयटी मुंबईशी जोडलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल. कुपोषणावर काम करताना त्यांनी स्तनपानाच्या तंत्राकडे मोर्चा वळवला आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात त्याचे तपशीलवार व्हिडिओ तयार करवले. ते मराठीतही आहेत आणि मोबाइलवर फुकट बघता येतात. प्रत्येक बाळंतिणीच्या आईने आणि सासूने ते बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

त्यातली ‘क्रॉस क्रेडल’ पद्धत समजायला सोपी आहे. आईने पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसायचं. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळ डाव्या हातावर. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून प्यायला लावायचं नाही. आईच्या डाव्या हाताची बोटं बाळाच्या कानांमागे, मानेला आधार देणारी. डोकं मागून दाबायचं नाही. उजव्या हाताने स्तन खालून इंग्रजी ‘यू’च्या आकारात धरायचा. वडापाव खाताना आपण तो ओठांच्या रेषेत धरून दाबतो, उभा धरत नाही. इथेही बोटांची चिमट बाळाच्या ओठांच्या रेषेतच हवी. बाळाचं नाक बोंडासमोर आणून वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करायचा आणि वाट बघायची. बाळाने मोठा आ केला की त्याला चटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी. छाती बाळाकडे वाकवायची नाही, बाळ छातीकडे आणायचं.

पकड चांगली असेल तर बोंडाभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली जवळपास नाहीच. गालांना खळी पडत नाही, चटचट आवाज येत नाही, गिळणं ऐकू येतं. बाळाने सोडल्यावर बोंड गोल राहतं. ते चपटं किंवा तिरकं दाबलेलं दिसलं तर पकड उथळ होती. अशा वेळी ओढून काढायचं नाही. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. चार वेळा लावावं लागलं तरी चालेल. सिझेरियन झालं असेल तर कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखालून धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही. चिरांवर आपलंच थोडं दूध लावून वाळू द्यावं. शुद्ध लॅनोलिनचं मलमही चालतं. साबण लावू नये. आणि पकड सुधारल्याशिवाय कुठलंही मलम पुरं पडत नाही.

आता पाचवीचा दिवस. सटवाईची पूजा, पाटा-वरवंटा, कोरा कागद आणि लेखणी, आल्या-गेल्यांची वर्दळ. नेमक्या याच सुमाराला, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, चीकदूध मागे पडून भरभरून दूध उतरतं. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि त्यामुळे हे घडतं. छाती टणक, गरम, चकचकीत होते. त्यात नुसतं दूध नसतं, सूजही असते. प्रसूतीत भरपूर सलाइन दिलं असेल तर सूज आणखी वाढते. बोंड सपाट होतं, बाळाला धरताच येत नाही. पाहुण्यांसमोर अवघडून बाई पाजणं लांबवते आणि संध्याकाळपर्यंत तिला हात वर करवत नाही.

यावर बिनखर्चाचा एक उपाय आहे. अमेरिकेतल्या परिचारिका जीन कॉटरमन यांनी तो रूढ केला. बोंडाभोवती, अगदी बुडाशी, बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने हळू, सलग दाब द्यायचा. मिनिटभर तसंच धरायचं, मग बोटांची जागा थोडी बदलून पुन्हा. सूज मागे सरकते, काळा भाग मऊ पडतो आणि लगेच बाळाला लावलं तर ते धरू शकतं. तरीही धरलं नाही तर हाताने थोडं दूध काढायचं, मऊ होण्यापुरतं.

इथे माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येतो. छातीत गाठ आली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात : कडकडीत शेक आणि गाठ ‘फोडण्यासाठी’ जोरात चोळणं. २०२२ साली ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याबाबतची आपली मार्गदर्शिका बदलली. कॅटरिना मिचेल या स्तनशल्यविशारद तिच्या प्रमुख लेखिका. मार्गदर्शिकेचं म्हणणं असं, की गाठ म्हणजे नळीत अडकलेलं दुधाचं बूच नव्हे, तर बहुतेकदा आसपासच्या ऊतींची सूज असते. चोळल्याने ती वाढते. पंपाने ‘सगळं रिकामं’ करायच्या मागे लागलं तर शरीर आणखी दूध बनवतं. म्हणून बाळाच्या भुकेप्रमाणे नेहमीसारखं पाजावं, मध्ये गार पट्ट्या किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा, काखेच्या दिशेने अगदी हलक्या हाताने, वरच्यावर हात फिरवावा आणि डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घ्यावं. पाजण्याआधी थोडा वेळ कोमट कापड ठेवायला हरकत नाही, असं मानणारे तज्ज्ञ आहेत. चोळण्याचं समर्थन मात्र करता येत नाही.

बाळंतिणीला गार लागू द्यायचं नाही, हा आपल्या घरांतला पक्का नियम. अंग शेका, पाठ-कंबर शेका, ओव्याची धुरी द्या; त्यातली माया मला मोलाची वाटते. छातीची सूज मात्र त्यातून वगळायला हवी. न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशींना हे आदराने, पण ठामपणे सांगायला हवं.

काही दुखणी घरी थांबवून ठेवायची नाहीत. ताप, अंगात कणकण, छातीवर लाल, गरम चट्टा आणि एका दिवसात उतार नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. तोवर पाजणं थांबवायचं नाही. बोंड पांढरं पडून जळजळ होत असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसत असतील. या प्रकारात मात्र ऊब लागते. पकड चांगली असूनही कळ जात नसेल तर बाळाची जीभ खाली जखडलेली आहे का, ते बघून घ्यावं. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसातून सहापेक्षा कमी वेळा शू केली किंवा दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं नाही, तर दूध पोटात पोचत नाहीये.

हे सगळं सांगणार कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के मुलांनाच. डॉक्टर, परिचारिका, खाट, सगळं हाताशी असताना ही स्थिती आहे. पण मनावर घेतलं तर आपल्याकडेही जमतं. १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात, म्हणजे गर्दीने भरलेल्या पालिकेच्या दवाखान्यात उभी केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवलेल्या वाटेवरून आज देशभर आशाताई नवजात बाळासाठी घरी येतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्यांच्या सहा भेटी होतात, पहिली तिसऱ्या दिवशी, दुसरी सातव्या. छाती दाटते ती याच दोन भेटींच्या दरम्यान. म्हणजे माणसं आहेत, वेळापत्रकही आहे. तिसऱ्या दिवशी बाळाच्या वजनाबरोबर पकडही बघायची आणि पाचव्या दिवशी एक फोन करायचा, एवढंच त्यात घालायला हवं.

प्रत्येक प्रसूतिगृहाने घरी सोडण्यापूर्वी एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावं आणि तशी नोंद फाइलमध्ये करावी. लसीची नोंद होते, वजनाची होते, मग याचीही व्हावी. आणि ती होईपर्यंत नातेवाइकांनी बिल भरण्याआधी परिचारिकेला गाठून सांगावं : सिस्टर, एकदा शेजारी बसून बघा, बाळ नीट धरतंय का.